फिरता लॅपटॉप, स्थिर पत्ता

नोकरी हिंजवडीतल्या कंपनीत, भाड्याचा फ्लॅट वाकडला किंवा चिंचवडच्या लिंक रोडला, आणि काम चालू आहे दापोलीच्या एखाद्या घरगुती निवासातून, नाहीतर हिमाचलातल्या बीरमधून. पिंपरी-चिंचवडमध्ये आता याचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. २०२० नंतर फिरत राहून काम करण्यावर भरपूर बोललं गेलं, लिहिलं गेलं, अभ्यासही झाले. पण ही चर्चा बहुतांशी एकाच प्रश्नाला चिकटून राहिली : असा माणूस काम कमी करतो की जास्त? हा माणूस नेमका कुठे काम करतो असं कंपनीने, करखात्याने आणि कायद्याने धरायचं, हा दुसरा प्रश्न फारसा कुणी हाती घेतला नाही. माझ्या मते वादाची खरी गाठ तिथे आहे. दोन्ही प्रश्न आज कुठवर आलेत, ते चिंचवड-चाकण पट्टा समोर ठेवून पाहू.

आधी एक खुलासा. घरून काम, काही दिवस घर आणि काही दिवस ऑफिस असं हायब्रीड काम, आणि मुक्काम बदलत बदलत केलेलं काम, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना त्यांची सरमिसळ होते. हा आढावा तिसऱ्या प्रकाराचा आहे. अडचण इतकीच, की हाताशी असलेला बराचसा पुरावा पहिल्या दोहोंचा आहे.

फिरतीची जुनी नोकरी

या पट्ट्याला फिरतीवरचा माणूस नवा नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्या मागोमाग शेकडो लघुउद्योग आले. मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या वसल्या. दापोडीला ॲटलास कॉप्को, कासारवाडीला फोर्ब्स मार्शल, चिंचवडला थरमॅक्स आणि एसकेएफ. बॉयलर किंवा कॉम्प्रेसर विकला की तो बसवायला, चालू करून द्यायला, बिघडला तर दुरुस्त करायला माणूस जायचा. कमिशनिंगवाले आणि सर्व्हिस इंजिनिअर महिनोन्‌महिने साखर कारखान्यांच्या, सिमेंट प्लांटांच्या गेस्ट हाउसवर राहायचे. लग्नाच्या बोलण्यात ‘फिरतीची नोकरी’ ही स्थळाची उणी बाजू धरली जायची.

नव्वदीनंतर हिंजवडी वसली आणि फिरतीला ‘ऑनसाइट’ हे प्रतिष्ठित नाव मिळालं. ज्या घरांत सिमेंट प्लांटवरची फिरती खपत नव्हती, त्याच घरांत न्यू जर्सीची फिरती पेढे वाटण्याजोगी ठरली.

या दोन्हींत आणि आजच्या प्रकारात एक मोठा फरक आहे. तेव्हा कुठे जायचं ते कंपनी ठरवायची आणि खर्चही तीच करायची. टीए-डीएचं बिल, मुक्कामाची सोय, अपघात झाला तर जबाबदारी, सगळं ठरलेलं असायचं. आज जागा कामगार निवडतो, भाडं तो भरतो आणि वायफायचं रिचार्जही तोच मारतो. कंपनी फक्त हो म्हणते. कित्येकदा तेही म्हणत नाही, डोळेझाक करते. पुढचे बरेचसे प्रश्न या अदलाबदलीतून निघाले आहेत.

कल्पना म्हणूनही हे जुनंच. अमेरिकेत जॅक निलेस यांनी १९७३ मध्ये दूरसंचाराच्या आधारे घराजवळ काम करण्याची मांडणी केली. त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांचं ‘डिजिटल नोमॅड’ हे पुस्तक १९९७ चं. तंत्र होतं, शब्दही होता. आडवे येत होते ते नियम आणि सवय.

नियम कसे सैल झाले आणि पुन्हा आवळले

मार्च २०२० ची टाळेबंदी आली तेव्हा भारतात कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांवर दूरसंचार खात्याच्या ‘अन्य सेवा पुरवठादार’ नोंदणीची बंधनं होती. घरून काम करू द्यायचं तर अनामत ठेवा, जागा कळवा, ठरावीक जोडणी वापरा, असा जाच होता. ५ नोव्हेंबर २०२० ला खात्याने ही चौकट मोडून ‘घरून’च नव्हे तर ‘कुठूनही’ काम करण्याला मान्यता दिली; जून २०२१ मध्ये उरलेल्या अटीही बऱ्याच सैल झाल्या. घरून काम आणि कुठूनही काम यांतला फरक सरकारी कागदावर मान्य झाला, तो इथे.

हिंजवडीपुरती आणखी एक अडचण होती. तिथल्या अनेक इमारती विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे एसईझेडमध्ये येतात. तिथे संगणक शुल्क न भरता आणता येतो, पण म्हणूनच तो फाटकाबाहेर नेणं ही नियमाच्या दृष्टीने साधी बाब नसते. जुलै २०२२ मध्ये एसईझेड नियमांत ४३अ हा नवा नियम घालून निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना वर्षभरासाठी घरून कामाची मुभा दिली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सर्वांना लागू करता येईल अशी केली आणि पुढे मुदतवाढी मिळत गेल्या. आपल्याकडे तात्पुरत्या सवलती अशाच मुदतवाढींवर जगतात.

कंपन्यांचा प्रवास उलट्या दिशेने झाला. एप्रिल २०२० मध्ये टीसीएसने जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त कर्मचाऱ्यांनी कार्यालयात असण्याची गरज उरणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस यायला सांगितलं, आणि २०२४ पासून कामगिरीनुसार मिळणाऱ्या पगाराच्या हिश्श्याला हजेरी जोडली. विप्रोने नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून तीन दिवस ठरवले. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून ठरावीक श्रेणीपर्यंतच्या कर्मचाऱ्यांसाठी महिन्यातून दहा दिवस सक्तीचे केले. तिन्ही कंपन्यांची मोठी कार्यालयं हिंजवडीत आहेत, त्यामुळे या निर्णयांचा परिणाम वाकड-पुनावळे-रावेतच्या घरभाड्यांपासून मेसच्या डब्यांपर्यंत पोचतो.

वर्तमानपत्रांत या तिन्ही धोरणांना ‘ऑफिसला परत’ अशा एकाच शीर्षकाखाली टाकलं जातं. फिरणाऱ्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘आठवड्यातून तीन’ म्हणजे माणूस शहराला बांधलेलाच. गुरुवारी रात्री निघून सोमवारी रात्री परत, याहून फार जास्त त्याला जमत नाही. ‘महिन्यातून दहा’ म्हणजे दोन आठवडे सलग हजेरी लावून उरलेले दोन मालवणात काढता येतात. फिरत काम करता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी हजेरी आठवड्यावर मोजतात की महिन्यावर, यावर ठरतं. धोरण लिहिणाऱ्यांच्या हे ध्यानात असतं का, याची मला शंका आहे.

काय हलतं, काय हलत नाही

बंगळुरूच्या किंवा हैदराबादच्या चर्चेत जे दिसत नाही ते या पट्ट्यात ठळक दिसतं : एकाच घरात, एकाच कंपनीत, कधी एकाच माणसाच्या कामात हलणारा आणि न हलणारा भाग शेजारी शेजारी असतो.

चाकणला असेंब्ली लाइनवर उभा असलेला ऑपरेटर, भोसरीतला टूलरूमवाला, फोर्कलिफ्ट चालवणारा कंत्राटी कामगार यांच्यासाठी हा सगळा वाद परक्याचा आहे. पण ‘कारखाना हलत नाही, आयटी हलतं’ इतकं ते सरळ नाही. हिंजवडीत केपीआयटी, टाटा टेक्नॉलॉजीज यांसारख्या कंपन्या वाहनांसाठी सॉफ्टवेअर आणि अभियांत्रिकी आरेखन करतात. त्यातलं कोड लिहिणं, मॉडेल बनवणं, कागदपत्रं तयार करणं कुठूनही होतं. पण गाडीच्या कंट्रोल युनिटवर ते चढवून तपासायचं झालं की टेस्ट बेंच लागतो, आणि तो बेंच पाठीवरच्या बॅगेत बसत नाही. प्रकल्पाच्या सुरुवातीला मोकळा असलेला इंजिनिअर शेवटच्या टप्प्यात लॅबला खिळतो. उलट कारखान्यातलंही काही काम सुटं झालंय. खरेदी विभागातला माणूस, उत्पादनाचं नियोजन करणारा, कॅडवर फिक्श्चर काढणारा, यांना रोज गेटवर कार्ड दाखवण्याची गरज किती, हा प्रश्न चाकणमध्येही विचारला जातो. उत्तर बहुधा असं मिळतं : शॉपफ्लोअरवरचे लोक रोज सहाच्या शिफ्टला येतात, तर वरच्या मजल्यावरच्यांनी घरून का काम करायचं? याला कंपनीची सबब म्हणून झटकून टाकता येत नाही. युनियन असलेल्या कारखान्यात या विषमतेचा खरोखर ताप होतो.

घरांचं वेगळंच त्रांगडं आहे. पिंपरी-भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचं नियोजन करताना पडलेली ही पद्धत आता अंगवळणी पडली आहे. हिंजवडी शनिवार-रविवार पाळते. नवरा भोसरीला आणि बायको हिंजवडीला, किंवा उलट, अशी घरं चिंचवड-निगडीत पुष्कळ. दोघांची सुट्टीच जुळत नाही, तिथे एकत्र फिरत काम करण्याची गोष्ट कशी जमायची? म्हणूनच या पट्ट्यात फिरत काम करणारे बहुधा एकटे, किंवा जोडीतले दोघंही आयटीतले, आणि मुलं असलीच तर शाळेच्या वयाच्या अलीकडची, असं चित्र दिसतं. ही मोजदाद नव्हे, निरीक्षण आहे.

उत्पादकतेचे पुरावे

अभ्यासांबद्दल बोलताना दोन्ही बाजू आपल्याला हवा तो अभ्यास उचलतात. सगळे एकत्र ठेवले की चित्र इतकं सोयीचं राहत नाही.

सर्वांत जास्त सांगितला जातो तो स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीतला प्रयोग. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात घरून काम करणाऱ्या कॉल सेंटर कर्मचाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. याच अभ्यासात असंही दिसलं, की तेवढंच चांगलं काम करूनही घरी बसलेल्यांना बढती मिळण्याची शक्यता घटली. हे वाक्य सहसा कुणी सांगत नाही. त्याच कंपनीतल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा ब्लूम यांचा दुसरा प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम केल्याने कामगिरीत फरक पडला नाही, मात्र नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. ही घट व्यवस्थापक नसलेल्यांत, स्त्रियांत आणि ज्यांचा येण्याजाण्याचा प्रवास लांबचा आहे अशांत विशेष होती.

विरुद्ध बाजूचे पुरावेही दमदार आहेत आणि आपल्याला जवळचे आहेत. डेव्हिड ॲटकिन, ॲन्टोइनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामगारांवर केलेल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता कार्यालयात बसणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी निघाली. ज्यांना घरून कामाची जास्त ओढ होती, त्यांची घट आणखी मोठी होती. आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या मायकल गिब्स आणि सहकाऱ्यांना महामारीच्या काळात कामाचे तास वाढलेले आणि तासामागची निष्पत्ती घटलेली दिसली. बैठका वाढल्या होत्या, सलग काम करायला मिळणारा वेळ घटला होता. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासात वेगवेगळ्या गटांमधला संवाद आटल्याचं आढळलं.

हे सगळं घरून कामाबद्दल झालं. फिरत कामाला सरळ लागू पडेल असा एक ठळक अभ्यास आहे, तो प्रिथ्वीराज चौधरी आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २०१२ मध्ये आपल्या परीक्षकांना घरून कामाऐवजी कुठूनही काम करण्याची मुभा दिली. दोन्हींची तुलना केल्यावर कुठूनही काम करणाऱ्यांची निष्पत्ती ४.४ टक्क्यांनी जास्त भरली. पण पेटंट परीक्षकाचं काम एकट्याने करायचं, सुटं आणि मोजता येण्याजोगं असतं. शिवाय त्यातले अनेकजण स्वस्त गावी किंवा नातेवाइकांजवळ जाऊन स्थिरावले; दर महिन्याला मुक्काम हलवत राहणं ही वेगळी गोष्ट. प्रवासाचा शीण, नव्या जागी रेंज शोधण्यात जाणारा दिवस, चेक-आउट अकराला आणि स्टँड-अप कॉल साडेदहाला, याचा हिशेब मांडणारा काटेकोर प्रयोग अजून दिसत नाही.

कंपनीचं म्हणणं, कामगाराचं म्हणणं

कंपन्यांचे आक्षेप प्रामुख्याने तीन. नव्या पोरांना शिकवायचं कसं? ग्राहकाच्या माहितीची सुरक्षितता कशी राखायची? आणि माणूस खरंच आपल्यासाठीच काम करतोय, हे कळणार कसं? तिसऱ्या आक्षेपाला सप्टेंबर २०२२ मध्ये धार आली. त्या महिन्यात विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी, प्रतिस्पर्धी कंपनीचंही काम करणाऱ्या ३०० जणांना काढून टाकल्याचं जाहीर केलं. सुरक्षिततेचा मुद्दा मात्र नुसता संशयाचा नाही. परदेशी बँकेचं काम करणाऱ्या ओडीसीत, म्हणजे त्या ग्राहकासाठी राखून ठेवलेल्या केंद्रात, मोबाइलसुद्धा बाहेर ठेवावा लागतो. तेच काम होम-स्टेच्या सार्वजनिक वायफायवर चालणार नाही, हे ग्राहकाशी झालेल्या करारातच लिहिलेलं असतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर कंपन्या अधिक सावध झाल्या आहेत.

कामगारांची बाजू चार चाकांवर उभी आहे, शब्दशः. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथ्या क्रमांकाचं संथ शहर होतं : दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. भूमकर चौकात अडकलेल्याला ही सरासरी फार उदार वाटेल. जायचं-यायचं मिळून दोन-अडीच तास रस्त्यावर घालवून, शेवटी हेडफोन लावून कॅलिफोर्नियातल्या माणसाशीच बोलायचं असेल, तर ते वाकडहून काय आणि वेंगुर्ल्याहून काय, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. त्याला जोडून दुसरी तक्रार येते : बाहेरून काम करू दिलं की मॅनेजर त्याची भरपाई वेळात वसूल करतो. रात्री अकराला ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणून कॉल लागतो. कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा अधिकार मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी आधी मांडलं होतं, २०२५ च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा लोकसभेत मांडलं. खासगी विधेयकांचं सहसा जे होतं ते पाहता त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. पण फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून असा कायदा आहे.

एक मधला मार्गही पुढे येतो, तो म्हणजे माणसाला फिरू देण्याऐवजी कार्यालयच त्याच्या गावाजवळ न्यायचं. तमिळनाडूत झोहोने तेनकाशीजवळच्या खेड्यात ते करून दाखवलं. आपल्याकडे इन्फोसिस, टीसीएस नागपूरला पोचल्या आहेत. लातूर-सांगलीहून येऊन थेरगावात पीजीत राहणाऱ्यांना हा मार्ग फिरतीपेक्षा जास्त हवासा असू शकतो. त्यांना हिंडायचं नसतं, घरी राहायचं असतं. वादात या दोघांना एकाच बाकावर बसवलं जातं.

ज्या गावांत जातात ती गावं

दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ला या भागांत लॅपटॉप घेऊन येणारा पाहुणा महामारीनंतर दिसू लागला. पर्यटकापेक्षा तो वेगळा. तो आठवडाभर, महिनाभर राहतो, मासळीचं ताट रोज मागत नाही, आणि आल्या आल्या आधी वायफायचा वेग तपासतो. घरगुती निवास चालवणाऱ्यांना बिनहंगामी उत्पन्न मिळतं. रस्त्याने मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं असलं, तरी २०२१ मध्ये चिपीचा आणि त्यानंतर मोपाचा विमानतळ सुरू झाल्याने दक्षिण कोकण जवळ आलं.

पायाभूत सोयींची मर्यादा मात्र कोकणाने नीट दाखवून दिली. जून २०२० च्या निसर्ग आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावरची वीज आणि मोबाइल टॉवर कित्येक दिवस बंद होते. एरवीही पावसाळ्यात वीज गेली की टॉवरची बॅटरी उतरेपर्यंतच काम. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने दुर्गम जिल्ह्यांसाठी उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्याबाबत स्टारलिंकशी इरादापत्र केलं आहे. ते परवडणाऱ्या दरात घरोघर पोचेपर्यंत इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांची सिमं हाच उपाय.

गोव्यात हा प्रवाह जास्त मोठा आणि वादही जास्त तापलेला. सरकारने मोरजी, आश्वे या किनाऱ्यांवर एकत्र बसून काम करण्याच्या जागा उभारण्याची योजना जाहीर केली. त्याच वेळी बार्देश-पेडण्यातल्या गोंयकारांची तक्रार आहे, की दिल्ली-बंगळुरूच्या पगारावर ठरणारं घरभाडं स्थानिक पगाराला झेपत नाही. लिस्बनमध्ये हीच तक्रार आहे, आणि मेक्सिको सिटीत जुलै २०२५ मध्ये लोक तीच घेऊन रस्त्यावर उतरले. पिंपरी-चिंचवडमधून जाणारा माणूस इथे कोणत्या बाजूला आहे, हे त्याने स्वतःला विचारायला हरकत नाही. हिंजवडीमुळे वाकडची भाडी वाढली तेव्हा तो स्वतः तक्रार करणाऱ्यांत होता.

पत्त्याचा प्रश्न

आता सुरुवातीला म्हटलेल्या गाठीकडे. आपली सगळी व्यवस्था माणूस एका जागी राहतो असं धरून चालते. फिरणारा कामगार या गृहीतकावर पावलोपावली अडखळतो.

घरापासून सुरुवात. महाराष्ट्रात भाड्याचा व्यवहार बहुधा ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने होतो, तो नोंदवावा लागतो, सोबत पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते, डिपॉझिट वेगळं. तीन महिने बाहेर जायचं म्हणून खोली सोडली तर परतताना हे सगळं पुन्हा. ठेवली तर दोन भाडी. फिरत काम करणं स्वस्त पडतं असं सांगणारे या दुसऱ्या भाड्याचा उल्लेख टाळतात.

मग गाडी. एमएच-१४ ची गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांहून अधिक ठेवली तर मोटार वाहन कायद्यानुसार तिथे नव्याने नोंदवावी लागते. सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेची सोय झाली आहे, पण ती सरकारी कर्मचाऱ्यांना आणि ज्या खासगी कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत आहेत तिच्या कर्मचाऱ्यांना. फ्रीलान्सरला ती नाही.

मग कर. महाराष्ट्रात पगारातून वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत व्यवसाय कर कापला जातो. गोव्यात हा कर नाही. गोव्यात बसून चिंचवडच्या कंपनीचं काम करणाऱ्याचा तो कापायचा की नाही? रक्कम किरकोळ आहे, म्हणून कुणी भांडत नाही आणि उत्तरही पक्कं होत नाही. परदेशात गेलं की रक्कम किरकोळ राहत नाही. वर्षात १८२ दिवस भारतात असणं हा रहिवासी ठरवण्याचा आपला मुख्य निकष. बहुतेक करारांत समोरच्या देशाचा १८३ दिवसांचा. शिवाय कर्मचारी एखाद्या देशात दीर्घकाळ बसून काम करू लागला, तर तिथे कंपनीचंच ‘कायम आस्थापन’ आहे असं तिथलं करखातं म्हणू शकतं. मनुष्यबळ विभाग परदेशातून काम करायला नकार देतो, त्यामागे बहुतेक वेळा हे कारण असतं. ते कर्मचाऱ्याला समजावून सांगितलं जात नाही एवढंच.

सर्वांत नाजूक मुद्दा अपघाताचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत राहतं घर आणि कामाची जागा यांच्या दरम्यानच्या प्रवासात झालेला अपघात ठरावीक अटींवर कामावरचा मानला जातो. चाकणच्या कामगारासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण ज्याचं घर या महिन्यात हर्णैला आणि पुढच्या महिन्यात बीरला, त्याची ‘कामाची जागा’ कोणती? बसमधून कॉल घेताना अपघात झाला, तर तो कामावर होता की सहलीवर? सेवा क्षेत्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने काढलेल्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यात घरून कामाचा उल्लेख आला, तो नेमणुकीच्या अटींवर किंवा उभयपक्षी करारावर सोपवणारा. घराबाहेरच्या, बदलत्या जागेबद्दल त्यात काही नाही.

मताचंही तसंच. मतदार यादीत नाव ‘सर्वसाधारण वास्तव्या’च्या जागी. बाहेरगावी असलेल्यांना मतदान करता यावं म्हणून निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना तयार केला, जानेवारी २०२३ मध्ये तो दाखवण्यासाठी राजकीय पक्षांना बोलावलं, आणि ते प्रकरण तिथेच थांबलं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पत्ता नसल्याचा त्रास महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सोसणारे लोक आहेत : भटके-विमुक्त, मेंढपाळ धनगर, दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला बीडहून कोयता घेऊन निघणारे ऊसतोड कामगार. त्यांच्यासाठी राज्यव्यवस्थेने उशिरा का होईना एक गोष्ट केली. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा अशा जोड्यांपासून सुरू झालेली, कुठल्याही राज्यात रेशन उचलण्याची सोय. हक्क पत्त्याला न बांधता माणसाला बांधायचा, हे तत्त्व तिथे मान्य झालं. लॅपटॉपवाल्यांच्या मागण्यांत या अनुभवाचा उल्लेख मला अजून सापडलेला नाही.

परदेशी व्हिसा

एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये फिरत काम करणाऱ्यांसाठी व्हिसा आणला. नंतर दुबई, पोर्तुगाल, मलेशिया, थायलंड अशी रांग लागली. थायलंडचा २०२४ चा व्हिसा पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस मुक्कामाचा, आणि खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात. जपानने २०२४ मध्ये सहा महिन्यांचा असा व्हिसा सुरू केला, पण पात्र देशांच्या यादीत भारत नाही. भारताचा स्वतःचा असा व्हिसा नाही. अमेरिकेत बहिणीकडे पर्यटक व्हिसावर जाऊन पुण्यातली नोकरी तिथून चालवणं, हे आपल्या घरांत सर्रास चालतं. ते नियमात बसतं असं धरून चालणं धोक्याचं आहे.

आज काय उरलं आहे

उत्पादकतेच्या प्रश्नाचं उत्तर ‘कामावर अवलंबून’ असं आहे आणि पुढच्या अभ्यासांनी ते फार बदलेल असं वाटत नाही. सुटं, मोजता येणारं, अनुभवी माणसाचं काम हलतं. शिकाऊ माणसाचं आणि बेंचवरचं हलत नाही. त्यापुढचे प्रश्न उघडे आहेत. बाहेरून काम करणाऱ्याची बढती मागे पडते का, याची भारतीय कंपन्यांतली आकडेवारी कंपन्यांकडेच आहे, बाहेर येत नाही. फिरणाऱ्याची कामाची जागा कोणती, हे कामगार कायद्यांनी ठरवलेलं नाही. बाहेरून काम करण्याची परवानगी हा अजूनही मॅनेजरच्या मर्जीचा मामला आहे. प्रकल्प बदलला, मॅनेजर बदलला, की ती जाते. पुण्यातून काम करणारी नाईट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कामगार खात्याकडे तक्रारी नेते, पण तिचं बरंचसं बळ नोकरकपात आणि लांबलेल्या नेमणुका यांतच खर्च होतं.

तोवर ज्यांना निघायचं आहे त्यांनी तोंडी होकारावर निघू नये. कुठून, किती दिवस, कोणत्या वेळेत काम करणार आणि विमा तिथे लागू आहे का, एवढं कंपनीकडून ई-मेलवर लिहून घ्यावं, आणि चिंचवडची खोली सोडण्याआधी ते उत्तर हाती असावं.